रेव्हिट: बहुथरी भिंतींच्या सांध्यात प्लास्टर आडवं येतं, कोपऱ्यात इन्सुलेशन तुटतं

आडवा_छेद

नमस्कार. रेव्हिट या इमारतींच्या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रकारच्या भिंती आहेत, मापं मिलिमीटरमध्ये, थर बाहेरून आत असे लिहिले आहेत, पुढे थराचं फंक्शन आणि चौकोनी कंसात त्याच्या प्राधान्याचा आकडा.

बाह्य भिंत 'अ', एकूण ३८७: दर्शनी वीट १००, फिनिश १ [४]. हवेची पोकळी ५०, थर्मल/एअर [३]. इन्सुलेशन ७५, थर्मल/एअर [३]. मग कोअर बाउंड्री (भिंतीच्या मुख्य भागाची, म्हणजे कोअरची, हद्द). ब्लॉक १५०, स्ट्रक्चर [१]. प्लास्टर १२, स्ट्रक्चर [१]. मग दुसरी कोअर बाउंड्री.

बाह्य भिंत 'ब', एकूण ३०७: रेंडर (बाहेरचा गिलावा) २०, फिनिश १ [४]. इन्सुलेशन १२५, थर्मल/एअर [३]. कोअर बाउंड्री. ब्लॉक १५० आणि प्लास्टर १२, दोन्ही स्ट्रक्चर [१]. कोअर बाउंड्री.

आतली पार्टिशन, एकूण १२४: प्लास्टर १२, फिनिश २ [५]. कोअरमध्ये ब्लॉक १००, स्ट्रक्चर [१]. पुन्हा प्लास्टर १२, फिनिश २ [५].

अडचणी दोन. पार्टिशन जिथे 'अ'ला टी-आकारात मिळते तिथे पार्टिशनचा ब्लॉक बाह्य भिंतीच्या प्लास्टरपाशीच थांबतो. दोन ब्लॉकच्या मधून १२ मिमी प्लास्टरची पट्टी सरळ निघून जाते. आणि 'अ' व 'ब' जिथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यात इन्सुलेशन सलग वळत नाही, पोकळी त्याच्या आड येते.

'वॉल जॉइन्स'मधले सांध्याचे तिन्ही प्रकार, बट, मायटर आणि स्क्वेअर ऑफ, करून पाहिले. 'लाइनवर्क'ने रेघा अदृश्य केल्या, पण त्या फक्त त्याच व्ह्यूमध्ये जातात, १:२०च्या डिटेलमध्ये परत दिसतात. रेघा झाकायच्या नाहीत, थरच नीट जुळायला हवेत.

---

ओळंबा

'वॉल जॉइन्स' तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या यादीतच उत्तर आहे: 'अ' आणि 'ब' दोन्हींमध्ये प्लास्टर कोअर बाउंड्रीच्या आत बसलंय आणि त्याचं फंक्शन स्ट्रक्चर [१] आहे.

हे होतं कसं? 'एडिट असेंब्ली'मध्ये ब्लॉकची ओळ निवडून 'इन्सर्ट' केलं की नवी ओळ तिथेच, म्हणजे कोअरच्या आत तयार होते. तिचं फंक्शन आपोआप स्ट्रक्चर [१], जाडी शून्य आणि मटेरियल 'बाय कॅटेगरी' असतं. आपण जाडी आणि मटेरियल भरतो, कारण ते भरल्याशिवाय भिंत दिसत नाही. फंक्शन मात्र तसंच राहून जातं.

आता सांध्यात काय घडतं ते पाहा. रेव्हिट चौकोनी कंसातल्या आकड्यावरून ठरवतं की कोणत्या थराने कोणाला छेदायचं. १ सर्वांत वरचा, ५ सर्वांत खालचा. वरच्या प्राधान्याचा थर खालच्यांना कापत पुढे जातो आणि समोरच्या भिंतीतल्या आपल्याच आकड्याच्या थराला जाऊन मिळतो. समान किंवा वरच्या आकड्यातून मात्र कोणताच थर जाऊ शकत नाही. तुमच्या पार्टिशनचा ब्लॉक [१] आहे, तो बाह्य भिंतीकडे आला आणि पहिलाच भेटला तो प्लास्टर, तोही [१]. त्यामुळे तिथेच थांबला. मागचा ब्लॉक त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. बट असो वा मायटर, हा क्रम बदलत नाही, म्हणून तिन्ही पर्याय निरुपयोगी ठरले.

दुरुस्ती अशी. 'अ' भिंत निवडा, 'एडिट टाइप', मग 'स्ट्रक्चर'समोरचं 'एडिट'. खाली 'प्रिव्ह्यू' उघडा. प्लास्टरच्या ओळीवर क्लिक करून 'डाउन' दाबा, ती खालच्या कोअर बाउंड्रीच्या पलीकडे, म्हणजे 'इंटीरिअर साइड'च्या लगत गेली पाहिजे. फंक्शन फिनिश २ [५] करा. 'ब'लाही तेच. पार्टिशनचं प्लास्टर आधीच [५] आहे, ते बदलू नका. बाह्य भिंतीचं [४] आणि पार्टिशनचं [५] असं झालं तर आतल्या कोपऱ्यात एक प्लास्टर दुसऱ्याला कापून ब्लॉकपर्यंत घुसतं आणि १२ मिमीची बारीक रेघ राहते. दोन्हीकडे एकच आकडा आणि एकच मटेरियल असेल तर प्लास्टर कोपऱ्यात न तुटता वळतं.

थांबा, 'ओके' करायच्या आधी एक गोष्ट तपासा. भिंतींची 'लोकेशन लाइन', म्हणजे भिंतीची जागा जिच्यावरून धरली जाते ती रेषा, काय आहे? 'कोअर सेंटरलाइन' असेल तर टाइप बदलताच भिंती सरकतील. आज तुमचा कोअर १६२ मिमीचा आहे, त्याचा मध्य ब्लॉकच्या मध्यापासून ६ मिमी आत पडतो. प्लास्टर कोअरबाहेर गेलं की कोअर १५०चा होईल. लोकेशन लाइन जागची हलत नाही, म्हणून ब्लॉकचा मध्य तिच्यावर यायला सगळी भिंत ६ मिमी आत सरकेल. खिडकीच्या वेळापत्रकात हे कळणार नाही, पण ग्रिडपासूनची मापं बदलतील.

भिंती आहेत तिथेच ठेवायच्या असतील तर: राइट-क्लिक, 'सिलेक्ट ऑल इन्स्टन्सेस', 'इन एंटायर प्रोजेक्ट'. प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन लाइन 'फिनिश फेस: एक्स्टीरिअर' करा. असलेल्या भिंतीची लोकेशन लाइन बदलल्याने भिंत हलत नाही, फक्त पुढच्या बदलात कोणती रेषा स्थिर धरायची ते ठरतं. मग टाइप दुरुस्त करा. एकूण जाडी ३८७च राहते, त्यामुळे काहीच सरकणार नाही. त्यानंतर हवी तर लोकेशन लाइन परत 'कोअर सेंटरलाइन' करा. उलट, ग्रिड ब्लॉकच्या मध्यावरच हवा होता आणि आतापर्यंत ६ मिमीचा फरक नुसता खटकत होता, तर लोकेशन लाइनला हात लावू नका. भिंती आपोआप बरोबर जागी येतील.

---

गुण्या

ओळंबा यांनी सांगितलेल्या कोअरच्या चुकीचे परिणाम सांध्याबाहेरही होतात. ते जास्त महागात पडतात, म्हणून लिहितो.

खोल्यांचं क्षेत्रफळ. 'एरिया अँड व्हॉल्यूम कम्प्युटेशन्स'मध्ये खोलीची हद्द 'अॅट वॉल कोअर लेअर' ठेवली असेल तर ती कोअरच्या कडेपासून मोजली जाते. ब्लॉक ते ब्लॉक ३००० × ४००० ची खोली १२.०० चौ.मी. यायला हवी. चारही भिंतींत प्लास्टर कोअरमध्ये असेल तर ती २९७६ × ३९७६ धरली जाते, म्हणजे ११.८३ चौ.मी. एका खोलीमागे ०.१७ चौ.मी. गेले, आणि कुठलीही वॉर्निंग येत नाही.

स्लॅब. 'पिक वॉल्स'ने फ्लोअर काढताना 'एक्स्टेंड इंटू वॉल (टू कोअर)' टिक असेल तर स्लॅबची कड कोअर शोधते. कोअर चुकीचा तर आतून मोजलेली प्रत्येक कड चुकीची. टाइप दुरुस्त केल्यावर स्लॅबचं स्केच एकदा उघडून पाहा.

आता मटेरियल. फंक्शन दुरुस्त केल्यावर ब्लॉक ब्लॉकला भिडेल, पण मध्ये एक बारीक रेघ तरीही राहू शकते. समान आकड्याचे दोन थर रेघेविना एकजीव व्हायला मटेरियलही तेच लागतं. दिसायला तेच असून चालत नाही, नोंद तीच हवी. दुसऱ्या फाइलमधून भिंती कॉपी करून आणल्या की 'ब्लॉक' आणि 'ब्लॉक १' अशी जोडी तयार होते. हॅच (छेदातलं रेघांचं भरण) तोच, रंग तोच, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही, रेघ मात्र पडते. 'एडिट असेंब्ली'मध्ये दोन्ही टाइपच्या मटेरियलची नावं अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

ही रेघ घालवायला 'व्हिजिबिलिटी/ग्राफिक्स'मध्ये वॉल्सखालचं 'कॉमन एजेस' बंद करू नका. त्याने सगळ्याच थरांमधल्या रेघा जातील आणि वीट कुठे संपली, पोकळी कुठे सुरू झाली ते कळायचं नाही.

तपासताना डिटेल लेव्हल 'फाइन' ठेवा. 'कोर्स'मध्ये भिंतीची फक्त बाह्यरेषा आणि भरण दिसतं, थर दिसतच नाहीत. 'थिन लाइन्स'ही चालू करा, नाहीतर जाड रेघेखाली १२ मिमीचं प्लास्टर लपून जातं.

---

आडवा_छेद

टी-सांधा सुटला. प्लास्टर बाहेर काढून [५] केलं, पार्टिशनचा ब्लॉक आरपार जाऊन मागच्या ब्लॉकला मिळाला. रेघ राहिली होती. मटेरियलची नावं पाहिली तर एकाच्या शेवटी जागा सोडलेली होती, म्हणजे खरोखर दोन वेगळ्या नोंदी होत्या. एक केल्यावर रेघ गेली.

'अ'-'ब' कोपरा मात्र अजून तसाच आहे. 'ब'चं १२५चं इन्सुलेशन आणि 'अ'ची ५०ची पोकळी एकमेकांना अडवतात.

---

ओळंबा

त्याचं कारणही तेच, आकडा. रेव्हिटमध्ये इन्सुलेशन आणि हवा या दोघांना मिळून एकच फंक्शन आहे: थर्मल/एअर [३]. एकाच प्रकारच्या दोन भिंती मिळतात तेव्हा याचा त्रास होत नाही, कारण प्रत्येक थराला समोर आपलाच जोडीदार सापडतो. इथे 'अ'मध्ये दोन थर [३] आहेत आणि 'ब'मध्ये एकच. 'ब'च्या इन्सुलेशनने कोणाशी जुळवून घ्यायचं हे आकड्यावरून ठरत नाही.

दोन्ही टाइपमध्ये इन्सुलेशनला सबस्ट्रेट [२] द्या, पोकळी [३] वरच राहू द्या. नाव विचित्र वाटेल, कारण इन्सुलेशन म्हणजे सबस्ट्रेट नव्हे. पण सांधा जुळवताना आकडाच पाहिला जातो, आणि थराची खरी ओळख मटेरियलमधून होते. क्रम असा होईल: ब्लॉक १, इन्सुलेशन २, हवा ३, वीट आणि रेंडर ४, आतलं प्लास्टर ५. हा क्रम टेम्प्लेटमधल्या सगळ्या भिंतींना एकसारखा लावा. एका टाइपमध्ये इन्सुलेशन [२] आणि दुसऱ्यात [३] असं अर्धवट ठेवलंत तर दुसऱ्या कोपऱ्यात हाच प्रश्न उभा राहील.

वीट आणि रेंडर दोन्ही [४] असल्याने कोपऱ्यावर दर्शनी कोण दिसणार हे आकडा सांगणार नाही. तिथे 'वॉल जॉइन्स' उपयोगी पडतं: मॉडिफाय टॅब, जॉमेट्री पॅनेल, 'वॉल जॉइन्स', कोपऱ्यावर क्लिक, 'बट', मग 'नेक्स्ट' दाबून क्रम बदला. भिंतीचं टोक नंतर ओढलं किंवा भिंत हलवली तर हाताने केलेली ही निवड बदलू शकते, म्हणून ती आराखडा स्थिर झाल्यावर करा.

---

थापी

मुळात वीट आणि रेंडरचा बदल नेमका बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर तिथे काहीतरी जुळवून देईल, पण बांधताना पोकळीचं तोंड उघडं पडतं आणि १०० मिमी विटेची कड दर्शनी येते. रेव्हिटमध्ये न सुटणारे बरेच कोपरे प्रत्यक्षातही सुटलेले नसतात.

'अ' भिंत कोपऱ्यावरून वळवा आणि दुसऱ्या बाजूला विटेच्या मॉड्यूलच्या पटीत थोडी पुढे न्या. कोपरा 'अ'-'अ' झाला, तो आपोआप स्वच्छ जुळतो. मग सरळ रेषेत 'अ' संपते आणि 'ब' सुरू होते. इथे दोन्हींच्या लोकेशन लाइन 'कोअर फेस: एक्स्टीरिअर' ठेवून एकाच रेषेवर काढा. दोन्हींचा ब्लॉक १५० असल्याने तो सलग राहील, आतलं प्लास्टर सलग राहील, ७५ आणि १२५ इन्सुलेशन एकमेकांना टेकतील. बाहेरचा चेहरा मात्र जुळणार नाही: ब्लॉकच्या बाहेर 'अ' २२५ आहे आणि 'ब' १४५, म्हणजे ८० मिमीची पायरी पडते. ती दाखवायचीच आहे.

विटेने वळून पोकळी बंद केलेली दाखवायला 'अ'च्या टाइपमध्ये 'रॅपिंग अॅट एंड्स' 'एक्स्टीरिअर' करा आणि 'एडिट असेंब्ली'त फक्त विटेच्या ओळीसमोर 'रॅप्स' टिक ठेवा. जोडलेल्या टोकाला थर गुंडाळला जात नाही, टोक मोकळं असावं लागतं. म्हणून 'अ'च्या टोकाच्या निळ्या ठिपक्यावर राइट-क्लिक करून 'डिसअलाउ जॉइन' करा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे गुंडाळणं फक्त प्लॅनमध्ये दिसतं, थ्रीडीत नाही. आणि जॉइन बंद केल्यावर ब्लॉक व प्लास्टरही तिथे एकजीव होत नाहीत. भिंतीची टोकं एकमेकांत घुसली असतील तर तेवढा भाग दोनदा मोजला जातो. टोकं 'अलाइन'ने नेमकी भिडवा आणि घनफळाच्या वेळापत्रकात एकदा ताडा.

थ्रीडीतही विटेचं वळण हवं असेल तर ते तुकडा म्हणून वेगळ्या भिंतीने काढा: वीट १०० एवढाच एक थर असलेला टाइप, लांबी पोकळी आणि इन्सुलेशन झाकेल एवढी, १२५.

---

गुण्या

कोणी हेच आर्किकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करत असेल तर तिथलं गणित वेगळं आहे, आणि आकडे उलटे चालतात.

आर्किकॅड १७ पासून प्राधान्य भिंतीच्या टाइपला नसून बिल्डिंग मटेरियलला असतं: 'इंटरसेक्शन प्रायॉरिटी', ० ते ९९९, मोठा आकडा बलवान. ऑटोकॅड आर्किटेक्चरमध्ये पुन्हा रेव्हिटसारखं, लहान आकडा बलवान. एकातून दुसऱ्यात आलेला माणूस इथेच फसतो.

काँक्रीट, ब्लॉक, इन्सुलेशन, वीट, प्लास्टर, हवा अशा उतरत्या क्रमाने आकडे द्या आणि प्रत्येकात पन्नासाचं तरी अंतर सोडा, मध्ये नवं मटेरियल घुसवायला जागा राहते. हवा सर्वांत कमी. फायदा हा की इन्सुलेशन आणि हवा यांचे आकडे पहिल्यापासून वेगळे असतात, रेव्हिटमधली [३]ची अडचण इथे येत नाही.

जी चूक सतत दिसते ती अशी: 'ब्लॉक १५०' आणि 'ब्लॉक १००' अशी जाडीवरून दोन बिल्डिंग मटेरियल करणं. एकच मटेरियल असेल तरच थर रेघेविना मिसळतात, त्यामुळे इथे प्रत्येक टी-सांध्यात रेघ पडते. जाडी ही कॉम्पोझिटची (भिंतीच्या थरांच्या रचनेची) गोष्ट आहे, ती तिथेच लिहा, मटेरियल एकच 'ब्लॉक' ठेवा.

सांधा अजिबातच होत नसेल तर या क्रमाने पाहा. भिंतींच्या रेफरन्स लाइन खरोखर एकमेकींना टेकतात का? भिंतीचे चेहरे टेकून भागत नाही. मग दोन्ही भिंतींच्या लेअरचा 'इंटरसेक्शन ग्रुप' आकडा एकच आहे का? ० असेल तर त्या लेअरवरचं काहीच कशाशी छेदत नाही. शेवटी व्ह्यू मेनूच्या ऑन-स्क्रीन पर्यायांत 'क्लीन वॉल अँड बीम इंटरसेक्शन्स' चालू आहे का. एकाच बिंदूवर तीन किंवा जास्त भिंती मिळत असतील तर भिंतीच्या सेटिंगमधला 'जंक्शन ऑर्डर' बदलून पाहा.

---

आडवा_छेद

थापी यांच्या सूचनेप्रमाणे वीट वळवून घेतली, कोपरा स्वच्छ झाला. इन्सुलेशन सगळीकडे [२] केलं.

एक शेवटचं. काही पार्टिशन जिप्सम बोर्डाच्या आहेत, आत धातूच्या स्टडचा थर ७० मिमी, स्ट्रक्चर [१]. आता स्टडचा थरही बाह्य भिंतीचं प्लास्टर कापून ब्लॉकपर्यंत जातो. प्रत्यक्षात प्लास्टर आधी होणार आहे, पार्टिशन नंतर. इथे प्लास्टर सलग हवं.

---

ओळंबा

मग तिथे सांधा होऊच देऊ नका. स्टडचा आकडा बदलून हे सोडवायला गेलात तर पार्टिशन ते पार्टिशन सांधे बिघडतील. आणि प्लास्टर [५]च्या खाली उतरायला जागाच नाही.

पार्टिशनच्या त्या टोकाला 'डिसअलाउ जॉइन' करा. टोक बाह्य भिंतीच्या आत शिरलेलं दिसेल. 'अलाइन' घ्या, आधी प्लास्टरचा आतला चेहरा निवडा, मग पार्टिशनचं टोक. आता प्लास्टर सलग राहील, बोर्ड आणि स्टड त्याला टेकून थांबतील. खोलीची हद्द तुटत नाही, कारण भिंती टेकलेल्या आहेत. टोकावर बोर्ड वळू नये म्हणून या टाइपचं 'रॅपिंग अॅट एंड्स' 'नन' ठेवा.

ही पार्टिशन आणि बाह्य भिंत एकाच फाइलमध्ये आहेत ना ते बघून घ्या. आतलं काम वेगळ्या लिंक केलेल्या फाइलमध्ये असेल तर दोन्हींत सांधा मुळातच होत नाही. मग 'डिसअलाउ जॉइन'ची गरज नाही, फक्त टोक प्लास्टरच्या चेहऱ्यावर आणायचं.